सेकंदाला तीस

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास धाकटीची रेघ वाकडी गेली.

धाकटी म्हणजे काही लहान पोर नव्हे. बावन्न वर्षांची बाई, पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाखोलीची प्रमुख, हाताखाली सहा माणसं. पण घरातलं शेंडेफळ, म्हणून नाव पडलं ते पडलं. तिचा थोरला भाऊ, दादा, त्याच खोलीत कामाला होता आणि सगळ्यांदेखत तिला "धाकटे" अशी हाक मारायचा, त्यामुळे ऑफिसातही ते नाव घट्ट चिकटलं. तोंडावर सगळे ताई म्हणत, पाठ फिरली की धाकटीबाई. राग नाकाच्या शेंड्यावर. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला वचकून असत, आणि तिला ते मनातून आवडायचं, हे उगाच लपवण्यात अर्थ नाही.

खोलीतलं काम दिसायला साधं, पण जोखमीचं. जमिनीखालून गेलेल्या नळांचे जुने कागदी नकाशे स्कॅन करून स्क्रीनवर आणायचे आणि त्यांच्यावरून नवी रेघ ओढायची. रस्ता खणणारी माणसं त्या रेघेच्या भरवशावर कुदळ मारतात. रेघ हातभर सरकली तर नळ फुटतो आणि अर्धी वस्ती दोन दिवस कोरडी राहते. खोलीतली तरुण मंडळी माउसने टिचक्या मारत जायची. इथे एक बिंदू, तिथे एक बिंदू, मधली रेघ कॉम्प्युटर जोडतो. दादाला ते मुळीच पटत नसे. जुना नळ कधी सरळ जात नाही, तो झाडाला, पायाला, खडकाला वळसा घालून जातो आणि तो वळसा दोन टिचक्यांमध्ये हरवतो, असं त्याचं म्हणणं. तो कॉम्प्युटरला जोडलेल्या टेबलावरच्या पाटीवर तिचं खास पेन टेकवायचा आणि नळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ न्यायचा. मधे पेन उचलायचं नाही, म्हणजे नाही. अख्ख्या खात्यात असं काम करणारी दोनच माणसं होती. एक दादा, आणि दुसरी त्याने हाताला धरून शिकवलेली धाकटी.

चार महिन्यांपूर्वी खोलीत तो मोठा स्क्रीन आला. साहेबांनी वरपर्यंत पत्रांचा मारा करून मिळवलेला. आधीच्या स्क्रीनच्या चौपट बारकावा, नकाशावरचं मुंगीएवढं अक्षरही वाचता यावं असा. कॉम्प्युटर मात्र सात वर्षांपूर्वीचा तोच ठेवला. सगळ्यांत चांगल्या हाताला द्यायचा म्हणून स्क्रीन दादाच्या टेबलावर गेला. पहिल्या दिवशी जो तो येऊन बघून गेला. साहेबांनी तर दोनदा पाहुणे आणून दाखवला, जणू घरात नातू झालाय. आणि पंधरा दिवसांत दादाच्या रेघा बिघडल्या.

थोड्याथोडक्या नाहीत. वळण आलं की रेघ पुढे निघून जायची, मग घाईने मागे यायची, पुन्हा भलतीकडे. सरळ नळसुद्धा सैल दोरीसारखा लुळा पडायचा.

"हे माझ्या हाताच्या मागून चालतंय," दादा म्हणाला. "मी आधी वळतो, हे नंतर वळतं."

पोरांनी येऊन टिचक्या मारून पाहिल्या. त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. मग कॉम्प्युटरचं बघणारा माणूस आला. त्याला सगळे 'होऊनजाईल' म्हणत, कारण कुठलीही तक्रार घेऊन गेलं तरी त्याचं तेवढंच उत्तर असायचं. त्याने वायर हलवली, स्क्रीन बंद करून चालू केला आणि ठणठणीत आहे म्हणून निघून गेला. तेव्हा धाकटी भर खोलीत म्हणाली होती, "दादा, यंत्र मागून चालत नाही रे. वय पुढे चालतं." सगळे खो खो हसले. दादाही हसला. तिला वाटलं, मस्करी झाली, विषय संपला.

पण विषय तिच्याच डोक्यातून जाईना. त्यांच्या वडिलांचा हात उतारवयात थरथरायचा. पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सदऱ्यावर. शेवटची दोन वर्षं त्यांना भरवावं लागलं होतं. दादाच्या रेघा बघून धाकटीच्या मनाने घेतलं, की बाबांचा हात दादात उतरला. कागदावर त्याची अक्षरं पूर्वीसारखीच टपोरी येत होती, पण त्यावरही तिच्याकडे उत्तर तयार होतं. सुरुवात आहे, साध्या डोळ्यांना दिसत नाही, मोठ्या स्क्रीनवर दिसते. तिने दादाला डॉक्टरांकडे नेलं; त्यांनी हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं, काही सापडलं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. घरच्यांनी त्याचा अर्थ काढला, की सहा महिन्यांत दिसेल.

आणि धाकटीने अहवाल लिहिला. सख्खा भाऊ म्हणून पाठीशी घातलं असं कुणी म्हणायला नको, या एका हट्टापायी तिने तो परक्या माणसाबद्दलही लिहिला नसता इतका कडक लिहिला. 'हात थरथरतो. बारीक काम देऊ नये.' दादाची रवानगी तळमजल्यावर झाली, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या रचायला. मग वरून पत्र आलं. प्रकृतीच्या कारणास्तव मुदतीआधी निवृत्त व्हावं, सही करून शुक्रवारपर्यंत पाठवावं. ते पत्र हातात पडल्यावर दादा रजा टाकून घरी बसला.

ज्या दिवशी धाकटीची रेघ वाकडी गेली, तो गुरुवार होता.

इस्पितळाजवळच्या मुख्य नळाचा नकाशा तातडीने हवा होता. टिचक्यांनी भागणारं काम नव्हतं, म्हणून दादा गेल्यापासून पहिल्यांदाच ती स्वतः त्या मोठ्या स्क्रीनसमोर बसली. पाटीवर पेन टेकवलं, श्वास घेतला आणि रेघ ओढली. पहिल्याच वळणावर रेघ बाहेर गेली. तिने पुसून पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर रेघ रस्ता ओलांडून इस्पितळाच्या भिंतीत शिरली.

धाकटीची पाचावर धारण बसली. तिने टेबलाखाली उजवा हात पसरून धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. पेला, सदरा, भरवणं, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मला पण? इतक्यात? तिने आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पेन आणि पाटी उचलून ती गुपचूप आपल्या जुन्या टेबलाशी गेली, तोच नकाशा जुन्या छोट्या स्क्रीनवर उघडला आणि तोच नळ ओढला.

रेघ सरळ आली. वळणावर वळली, खडकाला वळसा घालून पुढे गेली, जिथे थांबायची तिथे थांबली.

ती उठून पुन्हा मोठ्या स्क्रीनशी गेली. वाकडी. जुन्याशी आली. सरळ. पाच वेळा ती या टेबलावरून त्या टेबलावर गेली, आणि आता मात्र सगळी खोली कामं सोडून तिच्याकडे बघत होती. पाचव्या फेरीला तिने रेघ न ओढता पेन नुसतंच झपकन फिरवलं आणि स्क्रीनवरच्या बाणाकडे पाहिलं. बाण हाताच्या मागे होता. केसभर मागे, पण मागे. हात थांबल्यावर तो थांबत होता.

"होऊनजाईलला बोलवा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

तो आला तेव्हा तोंडात बडीशेप चघळत होता. धाकटीने पेन फिरवून दाखवलं. त्याने खुर्ची ओढून स्क्रीनच्या सेटिंगमध्ये डोकावलं आणि मान हलवली.

"हां, हे होय. तीसवर आहे ना."

"तीसवर म्हणजे काय?"

"ताई, स्क्रीनवर दिसतं ती म्हणजे एकामागून एक चित्रं असतात. जुन्या स्क्रीनला हा कॉम्प्युटर सेकंदाला साठ पाठवतो. पण हा स्क्रीन चौपट मोठ्या चित्राचा. कॉम्प्युटर जुना, त्याच्या मागच्या भोकातून एवढं मोठं चित्र सेकंदाला तीसदाच बाहेर पडतं. त्याची मर्यादाच आहे ती. टिचक्या मारणाऱ्याला काही कळत नाही. तुमच्यासारखं पेन ओढत नेलं तर जरा मागं मागं वाटणार, आणि स्क्रीनकडे बघून हात सावरायला गेलं की रेघ बाहेर जाणार."

"कधीपासून आहे हे?"

"पहिल्या दिवसापासून."



"चित्र लहान करून बघ," धाकटी म्हणाली.

त्याने दोन टिचक्या मारल्या. स्क्रीन काळा झाला, परत उजळला. अक्षरं जरा जाड झाली, बारकावा गेला. धाकटीने पेन टेकवलं आणि इस्पितळाचा नळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. एका दमात. रेघ कुठेही हलली नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा याच खुर्चीत बसून सांगत होता, की हे मागून चालतंय. तू इथे उभा होतास. तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलंत, स्क्रीनमध्ये दोष आहे का. स्क्रीनमध्ये दोष नव्हताच ना, ताई."

"कॉम्प्युटरमध्ये होता!"

"तो पण दोष नाही म्हणता येत. त्याची झेप तेवढीच. मी चित्र वेगाने पाठवणाऱ्या नवीन कार्डासाठी लिहून दिलं होतं, वरून उत्तर नाही आलं. आणि चित्र लहान केलं असतं तर साहेब म्हणाले असते, मग एवढा मोठा स्क्रीन आणला कशाला." त्याने बडीशेप गालात सरकवली. "मला काय माहीत, एवढ्यावरून माणूस घरी जाईल. मला वाटलं, होऊन जाईल."

धाकटी त्याला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. खोलीतली पोरं भिंतीला चिकटली. शेजारच्या खात्यातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली आणि तिने नुसतं बघितल्यावर निघून गेली. होऊनजाईलची बडीशेप तोंडातल्या तोंडात राहिली. त्याला असा फाडून खाल्ल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं, आणि मग बरं वाटेनासं झालं, कारण त्याने काही अहवाल लिहिला नव्हता. अहवालाखाली सही तिची होती. 'वय पुढे चालतं' हेही त्याचं वाक्य नव्हतं.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग तिचं तोंड पाहिलं आणि घड्याळाचा नाद सोडला. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"पण ताई, अहवाल तर तुमचाच आहे," साहेब म्हणाले. "आम्ही कशावर जायचं? सख्ख्या बहिणीने लिहिलंय म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा वाचलाही नाही."

हे ऐकून तिला इतका संताप आला, की साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीबाहेर भिरकावावा असं वाटलं. पण भिरकावून होणार काय होतं? माणूस चुकीचं बोलत नव्हता. तिने तिथेच कागद ओढून नवा अहवाल लिहिला. आधीचा अहवाल चुकीचा होता, दोष यंत्राच्या जोडणीत होता, हात संपूर्ण निकोप आहे. साहेबांनी शेरा मारला. दादाने उद्या सही पाठवली नाही, तर ते पत्र आपोआप रद्द, सोमवारपासून माणूस आपल्या जागेवर. एवढंच करायचं होतं. सही करायची नव्हती.

दादाचं घर ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. धाकटी जिने धापा टाकत चढली. दार वहिनीने उघडलं.

"वन्सं, या वेळेला?"

"दादा कुठाय?"

दादा खिडकीशी बसला होता. समोर चहा होता, अर्धाच कप. सांडू नये म्हणून वहिनी आताशा अर्धाच भरायची. दादाने कप दोन्ही हातांनी धरला होता. गालावर एका बाजूला खुंट राहिले होते. तीन महिन्यांपूर्वी वहिनीने त्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला होता, आणि तिला दाढी काही नीट जमत नसे.

धाकटीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तीस, साठ, मागचं भोक, होऊनजाईल, साहेबांचा शेरा. मधे तिला हसूही आलं, सुटल्यासारखं. तिने नवा अहवाल दादाच्या मांडीवर ठेवला. "तुझा हात अगदी ठीक आहे, दादा. ठीकच होता. त्या गाढवाने तोंड उघडलं असतं तर..."

दादा अहवालाकडे बघत राहिला. बोलली वहिनी.

"म्हणजे काहीच नव्हतं यांना?"

"काहीच नव्हतं, वहिनी!"

"तीन महिने मी यांना भात कालवून देतेय," वहिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मागच्या महिन्यात नात आली होती. हे तिला उचलून घ्यायला गेले, तर मी ओरडले, हात सुटेल म्हणून. पोर घाबरून रडली. तेव्हापासून यांनी तिला जवळ घेतलं नाही. आणि तुम्ही इथे हसत येऊन सांगता, वन्सं, की भोक लहान होतं?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यावर रागावलं होतं आणि तिच्याकडे परत फेकायला काही नव्हतं.

दादाने कप खाली ठेवला. एका हाताने.

"ही बाहेर गेली ना, की मी वर्तमानपत्राच्या कडेला रेघा काढायचो," तो म्हणाला. "सरळ यायच्या. रोज सरळ यायच्या. मग मला वाटायला लागलं, की हाताबरोबर माझे डोळेही गेले. वाकडी रेघ सरळ दिसायला लागलीय मला. कारण धाकटी कशी चुकेल?"

"दादा, चुकले मी. लिहून दिलंय ना तसं. सगळ्यांसमोर वाचून दाखवते. तू फक्त सही करू नकोस, सोमवारी ये. नवीन कार्ड मी आणवते, साहेबांच्या छातीवर बसून आणवते."

"त्या मशीनवर माझा राग नाही," दादा म्हणाला. "त्या बिचाऱ्याला तीसच जमत होती, त्याने तीस दिली. होऊनजाईल तर काय, तो पगारापुरता माणूस. पण तुझा हात मी माझ्या हातात धरून फिरवलाय, धाकटे. सात वर्षांची होतीस, पाटीवर रेघ ओढता येत नव्हती म्हणून रडत होतीस. माझा हात कसा आहे हे तुझ्याइतकं जगात कुणाला ठाऊक आहे? मी तुला म्हणालो, हे मागून चालतंय. एकदा खुर्चीत बसून बघायचं होतंस. दोन मिनिटांचं काम. आज बसलीस ना, आज कळलं. स्वतःची रेघ वाकडी गेल्यावर कळलं."

"सख्खा भाऊ म्हणून सांभाळून घेतलं म्हणाले असते लोक..."

"म्हणू दे की! म्हणाले असते तर काय झालं असतं?" दादा पहिल्यांदाच ओरडला. खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ बारीक केला. "तुला तुझी अब्रू राखायची होती, ती माझ्या हाताने राखलीस."

तो उठला. भिंतीतलं कपाट उघडून त्याने ते पत्र काढलं आणि जेवणाच्या टेबलावर सपाट करून ठेवलं. धाकटीने पुढे होऊन कागदावर हात ठेवला. दादाने तिचं मनगट धरून हात बाजूला केला. पकड घट्ट होती.

"अरे, काय करतोस? सगळं ठीक झालंय. सोमवारी खुर्ची तुझीच आहे."

"खुर्ची आहे. पण पेन टेकवलं की मला पाठीवर तुझी नजर जाणवणार. आणि मग एखाद दिवशी खरंच रेघ हलेल. त्या खोलीत मला बसायचं नाही."

"वहिनी, तू सांग ना याला!"

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ती जागची हलली नाही.

दादाने खिशातलं पेन काढलं. पत्रात छापलेलं होतं, 'हाताच्या थरथरीमुळे बारीक काम करण्यास असमर्थ.' त्याने ते एकदा वाचलं आणि खाली सावकाश सही केली. टपोरी, सुटी अक्षरं. मग नावाखाली, पट्टी न लावता, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली आणि कागद फिरवून धाकटीसमोर सरकवला.

"बघ," तो म्हणाला. "तुझं कामच आहे ते. नीट बघून सांग. थरथरतोय का?"

धाकटीने चष्मा पुसला. ती वाकली आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून गेली. परत येताना पुन्हा पाहिली. तिला हवी होती ती थरथर त्या रेघेत कुठेच नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "नाही थरथरत."

"मग घेऊन जा," दादा म्हणाला.